विहिरीत मोरचूद टाकण्यापूर्वी : ‘विषारी हायड्रिला’च्या संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा सरून विहिरींचे पाणी निवळले आणि तळ दिसू लागला, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. सोबतच्या छायाचित्रात पाण्याखाली वाढलेला, हिरवट-राखाडी काड्यांचा दाट झुपका असतो. मजकुराचा आशय असा : ही ‘विषारी हायड्रिला’ नावाची परदेशी वनस्पती आहे, तिची मुळे विहिरीचा तळ फोडून पाणी शोषतात आणि त्यामुळेच उन्हाळ्यात विहिरी आटतात, तिच्यावरचा पांढरा थर रासायनिक खतांचा आहे, तिला येणारा लसणासारखा उग्र वास हा तिच्या विषाचा पुरावा आहे, ती मासे मारते आणि डास वाढवते, म्हणून ती दिसताक्षणी विहिरीत पाव किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकावा आणि हा संदेश प्रत्येक गावात पोहोचवावा.

अशा संदेशांना सहसा उत्तर देऊ नये असे माझे मत आहे, कारण उत्तराबरोबर मूळ मजकूरही आणखी चार ठिकाणी जातो. येथे अपवाद करण्याचे कारण त्या शेवटच्या सूचनेत आहे. कोकणात ज्यांच्या सुपारीच्या बागा आहेत, त्यांच्या घरी कोळेरोगावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणलेलाच असतो. तो विकत आणायला बाजारात जावे लागत नाही, कोणाला विचारावे लागत नाही. कोठारातून काढून विहिरीत टाकायचा एवढेच काम उरते. म्हणून संदेशातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान वनस्पतीच्या ओळखीबद्दल आहे आणि तेच चुकले आहे. छायाचित्रातील झुपका हायड्रिलाचा नाही. तो कारा नावाच्या गोड्या पाण्यातील हरित शैवालाचा आहे. ही चूक समजण्यासारखी आहे, हे मान्य केले पाहिजे. शेवाळ म्हटले की पायरीवरचा बुळबुळीत थर किंवा डबक्यातले केसांसारखे हिरवे पुंजके आपल्या डोळ्यांपुढे येतात. काराला मात्र खोडासारखा उभा अक्ष असतो, त्यावर ठरावीक अंतराने पेरे असतात, प्रत्येक पेऱ्याभोवती बारीक काड्यांचा वेढा असतो आणि बुडाशी चिखलात रुतलेले मुळांसारखे तंतू असतात. वीतभरापासून दोन फुटांपर्यंत वाढलेले हे शैवाल पाण्यात उभे पाहिले, तर कोणीही त्याला झाडच म्हणेल. कारा आणि त्याचे जवळचे भावंड नायटेला यांचा वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आवर्जून समावेश असतो, तो याच फसव्या रूपामुळे.

फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. झुपक्यातली एक काडी पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात पसरावी आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. हायड्रिलाची पाने चपटी असतात, त्यांच्या मधोमध शीर दिसते आणि कडा बारीक दातेरी असतात. कारामध्ये पान नसतेच. पेऱ्याभोवतीच्या काड्या गोल असतात आणि त्यांत शीर नसते, कारण या शैवालाच्या शरीरात पाणी किंवा अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या नाहीत. दोन पेऱ्यांमधले कांडे आतून म्हणजे एकच लांबलचक पेशी असते. नायटेलात ती उघडी असते, म्हणून कांडे काचेसारखे पारदर्शक दिसते. काराच्या बहुतेक जातींत तिच्यावर बारीक पेशींच्या उभ्या रांगांचे आवरण असल्यामुळे कांड्यावर रेषा दिसतात. ही मधली पेशी काही सेंटिमीटर लांब असते आणि काही जातींत दहा सेंटिमीटरांच्याही पुढे जाते. एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी पेशी येथे पट्टीने मोजता येते. तिच्या आत जीवद्रव्य अखंड फिरत असते, सेकंदाला ५० ते १०० मायक्रोमीटरच्या आसपास वेगाने, एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली. पेशीतील हे वहन प्रथम इटलीत बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी १७७४ साली पाहिले, ते काराच्याच पेशीत. शाळेचा साधा सूक्ष्मदर्शक आणि नायटेलाचा ताजा तुकडा एवढ्यावर ते आजही दिसते, आणि जीवशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाने ते एकदा तरी मुलांना दाखवावे असे मला वाटते.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसली तर शंकाच उरत नाही. काड्यांच्या सांध्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान असे शेंदरी गोळे असतात. हे नर अवयव. त्यांच्याजवळ लंबगोल हिरवट कोश असतो, तो मादी अवयव. त्याच्याभोवती पाच पेशी मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांचा छोटा मुकुट वर बसलेला असतो. काराच्या मुकुटात पाच पेशी असतात, नायटेलाच्या मुकुटात दोन थरांत मिळून दहा. दोन्ही अवयव एकाच सांध्यावर असतील, तर कारामध्ये बहुधा लंबगोल कोश वर आणि शेंदरी गोळा खाली असतो, नायटेलात याच्या उलट. हायड्रिला सपुष्प वनस्पती आहे. तिला पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येणारी बारीक फुले येतात. शेंदरी गोळे तिच्यावर कधीच दिसणार नाहीत.

आता मुळांकडे आणि विहीर आटण्याकडे वळू. काराच्या बुडाशी असतात ते रंगहीन, केसासारखे तंतू. चिखलाला धरून राहणे आणि त्यातली थोडी पोषकद्रव्ये घेणे एवढेच त्यांचे काम. हाताने ओढले की झुपका चिखलासकट सहज हाती येतो. जांभ्यात किंवा काळ्या कातळात भेग पाडण्याचे बळ त्या तंतूंत असण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी ‘पिण्या’चा आरोप तर मुळातच टिकत नाही. जमिनीवरचे झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांतील रंध्रांवाटे हवेत सोडते, म्हणून माड किंवा आंबा पाणी खर्च करतो असे म्हणता येते. जलपर्णीची पाने पाण्यावर, हवेत असतात. तीही या मार्गाने पाणी उडवते. संपूर्ण आयुष्य पाण्याखाली काढणाऱ्या शैवालाला रंध्रेच नसतात. त्याच्या शरीरात जितके पाणी आहे तितकेच त्याने विहिरीतून घेतलेले असते आणि ते कुजले की परत विहिरीतच मिसळते.

कोकणातील विहिरी आटतात त्याची कारणे पाण्याखाली शोधण्याची गरज नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभा सच्छिद्र असल्याने तो पाणी पटकन मुरवतो आणि तितक्याच पटकन उतारावरच्या झऱ्यांवाटे सोडूनही देतो. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर कमी आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी थांबायला जागा नाही. त्यात पूर्वी रहाटाने किंवा ओकतीने निघणारे पाणी आता पंपाने निघते. गैरसमज का पक्का झाला असावा, हेही यातून उलगडते. काराला वाढायला तळापर्यंत ऊन पोहोचावे लागते. पाणी निवळून पातळी खाली गेली की तेवढा उजेड तळाला मिळतो आणि झुपके दिसू लागतात. लोकांनी आधी झुपके पाहिले आणि नंतर आटलेली विहीर पाहिली. प्रत्यक्षात पाणी उतरू लागल्यामुळे झुपके दिसले.

पांढऱ्या थराचा मुद्दा मला या संदेशातील सर्वांत मनोरंजक चूक वाटतो, कारण ज्याला प्रदूषण म्हटले आहे तो त्या शैवालाच्या जगण्याचा एक उपउत्पाद आहे. प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन लागतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अपुरा पडला की कारा पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून तो मिळवते. त्यासाठी तिची लांब पेशी आपल्या पृष्ठभागावर आलटून पालटून आम्लधर्मी आणि अल्कधर्मी पट्टे तयार करते. आम्ल पट्ट्यांत बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो आत शिरतो. अल्क पट्ट्यांत पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात साचते. तोच हा पांढरा, खरखरीत थर. शिंपल्यात जे असते तेच हे द्रव्य आहे. शंका असेल त्याने सुकलेल्या काडीवर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. थर चुन्याचा असेल तर बारीक बुडबुडे येऊन तो फसफसतो.

या थरावरून पाण्याविषयी जे कळते ते एवढेच, की पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम पुरेसे आहे. किनाऱ्यालगतच्या, शिंपल्यांचा चुरा असलेल्या पुळणीतील विहिरींचे पाणी असे असते आणि तेथील कारावर थर जाड चढतो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, जांभ्यातील पाणी याउलट बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. तेथे थर नसलेल्या कारा किंवा नायटेला सापडण्याची शक्यता अधिक, आणि त्या लुसलुशीत, पोपटी दिसतात. खतांचा साठा अंगावर चढून शैवाल पांढरे पडते, हे कोणत्याही रसायनशास्त्रात बसत नाही. नत्र आणि स्फुरदयुक्त खते पाण्यात विरघळतात, अशी कवचे करत नाहीत. खते विहिरीत उतरली, तर त्यांचा परिणाम वेगळाच दिसतो. सूक्ष्म, तरंगती शैवाले भराभर वाढून पाणी हिरवे आणि गढूळ होते, उजेड तळापर्यंत जात नाही आणि कारा नाहीशी होते. नेदरलँड्समधील वेलुवेमेर या उथळ सरोवरात हेच घडले होते. स्फुरद कमी केल्यावर आणि तळ ढवळणारे मासे काढल्यावर १९९० च्या दशकात तेथे काराची कुरणे परत आली आणि त्याबरोबर पाणीही स्वच्छ दिसू लागले. काराचे झुपके तळातला गाळ धरून ठेवतात, त्याचाही यात वाटा असतो. मात्र येथे दुसऱ्या टोकाला जाऊ नये. पाणी नितळ असणे म्हणजे ते पिण्यायोग्य असणे नव्हे. जुलाब घडवणारे जिवाणू नितळ पाण्यातही असतात, त्यामुळे विहिरीत कारा आहे म्हणून ग्रामपंचायतीची जंतुनाशक टीसीएल पावडर नको, असे कोणी म्हणू लागले तर तेही तितकेच चूक ठरेल.

वासाबद्दलचे निरीक्षण मात्र खरे आहे. काराच्या काही जाती चुरगाळल्या की लसणासारखा, कधी कुजकट वाटणारा वास येतो. तो गंधकयुक्त संयुगांचा आहे. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास काराच्या एका जातीतून अशी संयुगे वेगळी केली आणि त्यांतील काहींचा कीटकांवर परिणाम होतो असे दाखवले. बहुधा कोठेतरी हे वाचून ‘विष’ हा शब्द संदेशात आला असावा. पण प्रयोगशाळेत वेगळे काढलेले संयुग कीटकांना बाधते, यावरून विहिरीचे पाणी माणसाला बाधते असा निष्कर्ष निघत नाही. लसणातही गंधकाची संयुगे असतात आणि त्यांचाही काही किडींवर परिणाम होतो. पाणबदके कारा आवडीने खातात. काराच्या झुपक्यामुळे पाणी पिणारी माणसे किंवा गुरे दगावतात असे म्हणण्याला आधार नाही.

पाण्यातील ज्या हिरवेपणाची खरोखर भीती बाळगावी, तो वेगळा आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही याची मला खंत वाटते. तळ्याच्या पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, वाऱ्याने ती एका काठाला जमली आणि तिला घाण वास येत असला, तर ती मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित जिवाणूंची असू शकते. हे शैवाल नव्हे, जिवाणू आहेत, आणि त्यांच्यातील काही जाती यकृताला इजा करणारी विषे तयार करतात. असे पाणी उकळूनही ती विषे जात नाहीत. अशा पाण्यापासून गुरे दूर ठेवावीत. ओळखण्याची खूण सोपी आहे : जे हातात काडीसारखे धरता येते ते कारा, जे बोटांतून रंगासारखे निसटते त्याबाबत सावध राहावे.

‘परदेशी’ हा शिक्का दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. हायड्रिला आशियातलीच आहे. ती उपद्रवी परदेशी ठरली ती अमेरिकेत, जेथे मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात पोहोचली. शैवालाबद्दल म्हणाल, तर उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांत १९७० च्या दशकात नायटेलॉप्सिस नावाचे काराच्याच कुळातील शैवाल युरेशियातून गेले आणि आज तेथे ते डोकेदुखी झाले आहे. तेथल्या सरोवरांविषयीच्या सूचना भाषांतरित होऊन आपल्या विहिरींना चिकटल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. आपल्या बाजूला कारा नवी नाही. साष्टीतील काराकुलाच्या जातींवर एस. सी. दीक्षित यांनी १९३१ साली लिहिले आणि पुढे मुंबई इलाख्यातील जातींची नोंद केली. १९६२ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पाल, कुंडू, सुंदरलिंगम आणि वेंकटरामन यांचा या गटावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याहून जुना पुरावा दगडात आहे. बिरबल साहनी आणि एस. आर. एन. राव यांनी १९४३ साली मध्य प्रदेशातील सौसर येथील दगडांतून काराच्या जीवाश्माचे वर्णन केले. हे दगड दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडले, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास एक लाव्हा थंड होऊन दुसरा येण्याच्या मधल्या काळात साचलेल्या पाण्यात ही शैवाले वाढत होती. रायगड-रत्नागिरीचा काळा कातळ याच लाव्हाचा आहे.

विहिरीत ती कोणी आणून टाकली, हा प्रश्नही अनेकदा विचारला जातो. बहुधा कोणीच नाही. काराच्या फलित बीजाणूंवर कठीण कवच असते. डबके आटले तरी ते सुकलेल्या चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. सड्यावरची पावसाळी डबकी दर जूनमध्ये नव्याने हिरवी होतात त्यात या बीजाणूंचाही भाग असतो. पाणपक्ष्यांच्या पोटातून गेलेले काराचे बीजाणू उगवतात, हे अमेरिकेत १९६० च्या दशकात दाखवले गेले आहे; आपल्याकडे अडईसारखी बदके एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जातात तेव्हा हेच घडत असणार.

मासे आणि डास यांबद्दल थोडक्यात. दिवसा कारा पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री इतर सजीवांप्रमाणे वापरते. तळे भरून टाकेल इतकी दाट वाढ झाली तर पहाटे प्राणवायू कमी पडू शकतो, हे खरे. नेहमीच्या वाढीत तिच्या झुपक्यांत माशांच्या पिलांना आसरा आणि खाद्य मिळते. डासांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमका उलटा दावा झाला होता : कारा असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या मरतात, असे स्पेनमधील एका वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिले आणि त्यावर बरेच प्रयोग झाले. निकाल एकसारखे आले नाहीत. म्हणून कारा डास मारते असे सांगू नये, आणि डास वाढवते असेही नाही. दाट झुपक्यात अळ्यांना माशांपासून लपायला जागा मिळते, एवढे म्हणता येईल.

आता मोरचूद. येथे आकडेमोड करणे भाग आहे. दहा फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल, तर ते सुमारे २२ हजार लिटर भरते. मोरचुदाच्या खड्यात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा तांबे असते. पाव किलोत सुमारे ६४ ग्रॅम. ते पूर्ण विरघळले तर लिटरमागे २.९ मिलिग्रॅम तांबे होते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर सोसायची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम. संदेशातला डोस पहिल्या मर्यादेच्या पन्नास पटींहून अधिक आणि दुसरीच्या जवळजवळ दुप्पट होतो. एप्रिलमध्ये विहिरीत पाच फूटच पाणी असेल, तर हे आकडे दुप्पट करावे लागतील. काही तांबे गाळाला धरून खाली बसेल हे खरे. पण ते नाहीसे होत नाही. क्लोरिन उडून जातो, तांबे विहिरीतच राहते आणि पुढच्या वर्षी टाकलेल्या मोरचुदात त्याची भर पडते. तांबे जास्त असलेल्या पाण्याने मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होते.

कोकणासाठी यात एक विशेष धोका आहे, जो देशावरच्या जड पाण्यात तेवढा जाणवणार नाही. तांब्याचा माशांवरील घातकपणा पाण्याच्या जडपणावर आणि अल्कतेवर अवलंबून असतो. पाणी जितके मृदू, तितके तेच तांबे माशांना अधिक मारक. म्हणूनच तळ्यांतील शैवालावर तांबे वापरणारे जाणकारही लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्कता असलेल्या पाण्यात ते टाळायला सांगतात. जांभ्यातल्या पाण्यात ही अल्कता अनेकदा त्याहून कमी असते. मोरचुदाने कारा मरते, यात शंका नाही. पण एकदम मेलेला झुपका तळाशी कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि आधी तांब्यापासून वाचलेले मासेही त्यात गुदमरतात. त्यानंतर संदेश पुढे पाठवणाऱ्याला पुरावाही मिळतो : पाहा, विषारी वनस्पतीने मासे मारले. बीजाणू मात्र चिखलात शाबूत असतात आणि पुढच्या मोसमात पुन्हा उगवतात. सुपारीवरच्या बोर्डो मिश्रणाला माझा आक्षेप नाही. तेथे मोरचूद चुन्याबरोबर मापात मिसळून झाडावर फवारला जातो. विहिरीत त्याला जागा नाही.

या संदेशाला उत्तर म्हणून काही निसर्गप्रेमी मंडळींनी दुसरा संदेश सुरू केला आहे. त्यात म्हटले आहे की कारा ही पृथ्वीवरील सर्व झाडांची आई आहे, म्हणून तिला हात लावू नये. हेतू चांगला असला तरी हेही बरोबर नाही. जमिनीवरच्या वनस्पतींचे पूर्वज काराच्या नातलगांमधले होते, एवढे निश्चित. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातील हरित शैवालांच्या एका शाखेतून त्या निघाल्या. कारा मात्र आजचा जीव आहे. तिची शाखा तितकीच वर्षे स्वतंत्रपणे बदलत आली आहे. २००१ साली काही जनुकांच्या तुलनेवरून काराकुलच झाडांचे सर्वांत जवळचे नातलग आहे असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता आणि तो काराच्या रूपाशी इतका जुळत होता की पटकन मान्यही झाला. पुढे शेकडो जनुकांची तुलना होऊ लागली तेव्हा चित्र पालटले. आज झाडांच्या सर्वांत जवळ मानला जातो तो स्पायरोगायराचा गट, म्हणजे डबक्यातले तेच केसांसारखे, बुळबुळीत पुंजके, ज्यांना कोणी झाड म्हणणार नाही. २०१८ साली कारा ब्राउनी या जातीचा संपूर्ण जीनोम वाचला गेला, तेव्हा झाडांत आढळणारी काही जनुके तिच्यातही आहेत असे दिसले. पण खोडासारखा दिसणारा तिचा अक्ष आणि झाडाचे खोड यांची घडण वेगळी आहे, दोघांनी आपापल्या वाटेने ती मिळवली. रूपावरून नाते ठरवण्याची चूक दोन्ही संदेशांत सारखीच आहे : एकाने तिला हायड्रिला केले, दुसऱ्याने पूर्वज.

हात लावूच नये, हेही व्यवहाराला धरून नाही. पोहरा अडकू लागला किंवा पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीत काड्या बसू लागल्या, तर झुपके काढलेच पाहिजेत. त्यासाठी लांब काठीला दाताळे बांधून ते ओढून काढावेत, एका दिवसात सगळे न काढता थोडे थोडे, आणि काढलेले काठावर न ठेवता दूर न्यावे म्हणजे ते कुजून परत विहिरीत उतरणार नाही. चुन्याचा थर असलेली कारा माडाच्या आळ्यात घालायला हरकत नाही. आम्लधर्मी जांभ्या मातीला तो थोडा चुना चालतो. ज्या विहिरीवर दरवर्षी ही कटकट होते, तिच्यावर जाळी आणि वर सावली करावी. ऊन कमी झाले की वाढही कमी होते, आणि पालापाचोळा पडायचा थांबतो हा वेगळा फायदा.

भातखाचरातली गोष्ट निराळी आहे. साचलेल्या नितळ पाण्यात, विशेषतः पाटाच्या पाण्यावरच्या वायंगणी भातात, कारा दाट वाढून रोपांच्या वाट्याची खते खाते आणि कृषितज्ज्ञ तिला तण मानतात ते योग्यच आहे. तेथे रोपे लहान असताना पाणी काही दिवस बाहेर काढून खाचर सुकू दिले, तर रसायनाशिवाय बराचसा झुपका मरतो, कारण वाहिन्या आणि रंध्रे नसलेल्या या शैवालाला हवेत तग धरता येत नाही. पुन्हा पाणी घेतल्यावर चिखलातल्या बीजाणूंमधून थोडी उगवतेच. पण तोवर भाताला फुटवे येऊन पाण्यावर सावली पडलेली असते आणि तिला लागणारे ऊन तिला मिळत नाही.